गाठीत शिरायचं कसं?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना टी पेशी बऱ्यापैकी दिसतात. नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी मात्र शोधत बसावं लागतं. हायडेलबर्गच्या संशोधकांनी 2011 साली हे मोजून दाखवलं. प्रतिकारपेशींना बोलावणारी रसायनं गाठीत मुबलक होती, तरी एनके पेशी तुरळकच. माझ्या मते या रोगातल्या एनके उपचारांची सगळी कहाणी या निरीक्षणाभोवती फिरते. मारण्याच्या ताकदीवर आपण फार बोलतो. घोडं अडलंय ते पोचण्यापाशी.

या पेशी 1975मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किसलिंग आणि सहकाऱ्यांना सापडल्या, आणि त्याच सुमारास अमेरिकेत रॉनल्ड हर्बरमन यांनाही. रक्तातल्या लिम्फोसाइट्सपैकी साधारण 5 ते 15 टक्के या असतात. कॅन्सरपेशी गाठली की पर्फोरिन तिच्या आवरणाला भोकं पाडतं आणि ग्रॅन्झाइम आत शिरून तिला मरायला भाग पाडतं. पण आपलं-परकं ठरतं कसं? याचं उत्तर स्वीडनच्याच क्लास कॅरे यांनी 1981च्या प्रबंधात मांडलं आणि 1986मध्ये प्रयोगाने दाखवलं. आपली निरोगी पेशी एमएचसी-1 नावाचं प्रथिन अंगावर बाळगते. ते म्हणजे तिचा लोकलचा पास समजा. टी पेशी पास वाचते आणि त्यात खोट दिसली तर मारते. म्हणून काही कॅन्सरपेशी पासच फेकून देतात. आणि विनापास प्रवासी नेमका एनके पेशीच्या हाती लागतो.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये याला विशेष महत्त्व आहे. पसरलेल्या आजाराच्या जेमतेम 5 टक्के रुग्णांत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते. रिपोर्टवर त्याला ‘एमएसआय-हाय’ लिहितात. अशा गाठी टी पेशींची बंधनं काढणाऱ्या औषधांना उत्तम दाद देतात. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधून 2022मध्ये आलेली बातमी आठवत असेल: असा दोष असलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरचे पहिले 12 रुग्ण, आणि बाराही जणांची गाठ निव्वळ डोस्टार्लिमॅब या अशाच औषधाने दिसेनाशी झाली. उरलेल्या 95 टक्क्यांना हे दार जवळपास बंदच. एनके पेशींकडे डोळे लागलेत ते यांच्यासाठी.

आता पोचण्याकडे येऊ. एक वाट आपण नकळत वर्षानुवर्षं वापरतोय. सिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड औषध कॅन्सरपेशीवरच्या ईजीएफआर नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि त्याची शेपटी एनके पेशीचा सीडी16 नावाचा ग्राहक (रिसेप्टर) पकडतो. मग मारायचं काम एनके पेशी करते. पॅनिट्युमुमॅबचं लक्ष्य तेच, पण त्याच्या शेपटीची जात वेगळी, म्हणून ते एनके पेशींना फारसं हलवत नाही. गंमत म्हणजे रुग्णांना दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच होतो. प्रयोगशाळेतली देखणी यंत्रणा खाटेवरच्या माणसाला कितपत उपयोगी पडते, याबद्दल मी सावध असते ती अशा उदाहरणांमुळे.

दुसरी वाट म्हणजे बाहेर वाढवलेल्या पेशी शरीरात सोडणं. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये केटी रेझवानी यांच्या गटाने नाळेच्या रक्तातल्या एनके पेशींवर कॅन्सरपेशीवरचं सीडी19 हे प्रथिन ओळखणारा कृत्रिम ग्राहक बसवला. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात रक्ताच्या कॅन्सरच्या 11 पैकी 8 रुग्णांनी दाद दिली, आणि टी पेशींवर असाच ग्राहक बसवणाऱ्या कार-टी उपचारांत भीती असते ते सायटोकाइनचं वादळ उठलं नाही. पेशी परक्या माणसाच्या असूनही चालतात, म्हणजे आधी बनवून गोठवून ठेवता येतात. पण रक्ताच्या कॅन्सरमध्ये शिरायला गाठच नसते बहुधा. आतड्याच्या गाठीत ऑक्सिजन कमी, लॅक्टिक आम्ल जास्त आणि टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन एनके पेशींना थंड करत बसलेलं.

म्हणून मला ग्वांगझूचा 2019चा छोटा प्रयोग जास्त बोलका वाटतो. आजार पसरलेले तीनच रुग्ण. एनके पेशींना एनकेजी2डी या प्रथिनावर आधारलेला ग्राहक दिला तो आरएनएच्या रूपात. म्हणजे काही दिवसांत आपोआप विरणारा. पेशी शिरेतून न देता दोघांच्या थेट पोटात सोडल्या. पोटात साचणारं पाणी कमी झालं. तिसऱ्याच्या लिव्हरमधल्या गाठीत सोनोग्राफीत बघत सुईने टोचल्या. तिथली गाठ झपाट्याने ओसरली. तीन माणसांवरून उपचार ठरत नाही. पण पेशी दारात नेऊन सोडली की ती काम करते, एवढं तरी दिसलं. जागेइतकीच वेळही महत्त्वाची. ऑपरेशननंतर काही दिवस ते आठवडे एनके पेशी मंदावतात, आणि निसटलेल्या कॅन्सरपेशी मूळ धरतात त्याही याच काळात. ही खिंड सांभाळता आली तर मोठ्या गाठीत घुसायची वेळच कमी येईल. मला सगळ्यात आशा वाटते ती इथे.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार19ला 2023मध्ये मान्यता मिळाल्यापासून ‘पेशींचा उपचार’ हे शब्द घरोघरी पोचले. ते औषध टी पेशींचं आहे, रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. आतड्याच्या कॅन्सरसाठी एनके पेशींचा एकही उपचार आज प्रमाणित नाही. तरीही “डॉक्टर, बाबांना एनकेची इंजेक्शनं देऊया का? परदेशात मिळतात म्हणे,” असं विचारणारी मुलं-मुली ओपीडीत येतात. हातात जाहिरात असते. जपानमध्ये 2024 साली एका खासगी क्लिनिकमध्ये कॅन्सर टाळायला म्हणून स्वतःच्याच एनके पेशी टोचून घेतलेल्या दोघांना गंभीर जंतुसंसर्ग झाला आणि सरकारला ते थांबवावं लागलं, हे मी त्यांना सांगते. रीतसर नोंदलेली ट्रायल असेल तर जरूर चौकशी करा, तिथे पेशींचे पैसे मागत असतील तर उठून या, हेही सांगते. मग फाइल उघडून एमएसआयचा रिपोर्ट शोधते. बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होणारी तपासणी, तरी कितीदा तरी ती केलेलीच नसते. ती आधी पाठवते.