बरें झाल्यानंतरची सावधगिरी

आमच्या करमाळ्यास कर्करोगाचें नांव घेतांना आवाज आपोआप खालीं येतो, आणि रोग बरा झाला कीं तें नांव घरांतून हद्दपारच होतें. थोरल्या जाऊबाईंच्या उजव्या स्तनावर सहा वर्षांपूर्वीं शस्त्रक्रिया झाली. उपचार संपले, कमलाभवानीची ओटी भरली, आणि प्रकरण मिटलें असें सर्वांनीं ठरविलें. जाऊबाईंनीं मात्र तें मिटूं दिलें नाहीं.

जुना रोग उलटणें निराळें आणि दुसऱ्या स्तनांत नवा रोग उद्भवणें निराळें, हें डॉक्टरांनीं त्यांस समजाविलें होतें. बहुतेकींना असा नवा रोग होत नाहीं. तथापि त्याचा संभव इतर स्त्रियांहून अधिक असतो. त्यांच्या गांठीस स्त्री-संप्रेरकांचें पोषण मिळत होतें, म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी पांच वर्षें रोज घ्यावयाची होती. अशा रोगांत ती दुसऱ्या बाजूचा धोका तृतीयांशाहून अधिक कमी करते. अंगाची लाही होई, झोप उडे. 'आतां बऱ्या आहांत, मग गोळ्या कशाला?' असें विचारणारे पाहुणेही होतेच. ऋतुनिवृत्तीनंतर याच गोळीनें गर्भाशयाच्या कर्करोगाचा संभव किंचित् वाढतो, म्हणून पुन्हा रक्तस्राव झाल्यास तो लपवावयाचा नाहीं, हेंही त्यांनीं सासूबाईंसमोर सांगून टाकलें. (पुरुषमंडळी तेवढ्यांत ओटीवर जाऊन बसली!)

मॅमोग्राफीसाठीं त्या दरवर्षीं बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयांत जातात. खेड्यांतील कर्करोग्यांची पद्धतशीर नोंद देशांत प्रथम १९८७ सालीं बार्शीसच सुरू झाली. मशेरीची डबी त्यांनीं केव्हांच चुलींत टाकली. मशेरी म्हणजे तंबाखूच. वजन वाढूं नये म्हणून रोजचें फिरणेंही चालू आहे.

खरा वाद झाला तो यंदा. जाऊबाईंची आत्या बीजकोशाच्या कर्करोगानें गेलेली. तेव्हां बीआरसीए जनुकांत दोष आहे काय, हें रक्त तपासून पाहावें असें डॉक्टरांनीं सुचविलें. हा दोष बापाकडूनही येतो. गोत्र बदलल्यानें तो बदलत नाहीं. तो आढळल्यास दुसरा स्तन व बीजकोश आधींच काढावे काय, याचा विचार करावा लागतो, आणि मुलीचीही तपासणी ओघानेंच येते. मुलगी लग्नाची. "हें बाहेर कळलें तर स्थळ कोण आणील?" असें सासूबाई म्हणाल्या. "जें कळल्यानें मोडेल, तें मोडलेलेंच बरें," जाऊबाईंनीं उत्तर दिलें.

रक्त मागील आठवड्यांत तपासणीस गेलें. निकाल कांहींही येवो, येणाऱ्या स्थळास तो सांगूनच पुढील बोलणें करावयाचें, असें त्यांनीं बजावलें आहे. सासूबाई अद्याप गप्प आहेत.