धूमकेतू आणि इंद्राणीबाई

आपल्या शास्त्रात चार विकथा सांगितल्या आहेत: स्त्रीकथा, राजकथा, चोरकथा आणि भोजनकथा. ज्या बोलण्यानं मन नुसतंच भरकटतं, हाती काही लागत नाही, ती विकथा. चातुर्मासात तर ती कटाक्षानं टाळायची. गेल्या चातुर्मासात आमच्या वास्कोच्या महिला मंडळात स्वाध्यायानंतर एखादं मराठी पुस्तक थोडं थोडं वाचावं अशी टूम निघाली. मी जयंत नारळीकरांचं नाव सुचवलं. एक अक्का म्हणाल्या, "ते यान नि तबकड्यांच्या गोष्टी लिहायचे तेच ना? मग ती पाचवी विकथाच की गं!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्यांचा प्रश्न खरा होता, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर लिहिते.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणींच्या माहेरचाच माणूस. वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे शिक्षण तिकडे. पुढे केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्यासारखे गुरू मिळाले, आणि हे गुरू स्वतःही विज्ञान कादंबऱ्या लिहायचे! १९७२ साली नारळीकर भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पुण्याच्या 'आयुका'ची उभारणी त्यानंतरची, १९८८ ची.

गोष्टी लिहायला त्यांनी कशी सुरुवात केली हे मला फार आवडतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. तोवर त्यांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती. स्वतःच्या नावानं कथा पाठवली तर परीक्षक दबतील. म्हणून आद्याक्षरं उलटी फिरवून 'नारायण विनायक जगताप' या नावानं त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं ते या जगतापांना! मोठेपण बाजूला ठेवून परीक्षेला बसणं सोपं नसतं. मग 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' अशी पुस्तकं येत गेली. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. तब्येतीमुळे त्यांना प्रत्यक्ष जाता आलं नाही, पण विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या पंगतीत मानाचं पान मिळालं. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले.

त्यांच्या गोष्टी परग्रहावर कमी आणि आपल्या गल्लीत जास्त घडतात. 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. नायक प्राध्यापक गायतोंडे. हे आडनाव ऐकलं की आमच्या गोव्यात माणूस आधी गाव विचारणार! हे इतिहासाचे प्राध्यापक पुण्याहून मुंबईला निघतात आणि पोचतात एका वेगळ्याच मुंबईत. तिथे १७६१ च्या पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी लागलेलीच नाही, थोडक्यात हुकली आहे. मराठे जिंकले आहेत. पण मुंबई मात्र अजून इंग्रजांकडे आहे. पंत ज्या कचेरीत मुलाला शोधायला जातात, तिथे त्या नावाचा माणूसच नाही. ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून इतिहास उपसतात, आझाद मैदानावर एका सभेत रिकामी खुर्ची बघून व्यासपीठावर चढतात आणि श्रोत्यांचा मार खातात. आपल्या जगात परत येतात तेव्हा खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं. एक गोळी दोन बोटं सरकली, एवढंच. आपल्या आयुष्यातही अशा सरकलेल्या गोळ्या असतातच की. एखादं स्थळ, एखादी सोडलेली नोकरी, चुकलेली गाडी.

'हिमप्रलय'मध्ये तर मुंबईत बर्फ पडतो. आमच्या वास्कोकरांना ही कल्पना काही फार परकी वाटायला नको. अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्यातूनच निघाली आणि ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र इथेच, सड्यावर आहे. घामानं निथळत मासळी मार्केटच्या बाजूनं जाताना वर टेकाडावर बर्फाचा अभ्यास चालू आहे हे कितीजणींच्या ध्यानात असतं?

आता एक मोह सांगते. नारळीकर महास्फोटाचा सिद्धान्त मानत नव्हते. हॉयल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी १९९३ साली एक प्रारूप मांडलं. त्यात विश्वाला आरंभ नाही, ते फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं. हे वाचलं की आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, "बघा! लोक अनादी-अनिधन, कुणी कर्ता नाही, उत्सर्पिणी-अवसर्पिणी. आमच्या आचार्यांनी हे कधीच सांगून ठेवलंय." ऐकायला गोड वाटतं. पण आपलं कालचक्र माणसांचं आयुष्य, उंची, सुख वाढण्या-घटण्याबद्दल बोलतं. आकाशगंगा एकमेकींपासून लांब जातात याबद्दल नाही. आणि सोयीचं तेवढं उचलायचं म्हटलं तर जंबूद्वीपावरच्या दोन सूर्यांचं आणि दोन चंद्रांचं काय करायचं? शिवाय बहुतेक शास्त्रज्ञांनी नारळीकरांचं प्रारूप स्वीकारलेलं नाही. तरी ते चिडले नाहीत, पुरावा मागत आणि देत राहिले. आपण त्यांच्याकडून घ्यायचं तर हे घ्यावं. धर्माला विज्ञानाच्या शिक्क्याची गरज नाही. अहिंसा खरी ठरायला दुर्बीण लागत नाही.

आणि एक तक्रारही आहे. 'धूमकेतू' या कथेत दत्ता नावाचे हौशी आकाशनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असं दिसतं. जगभरचे शास्त्रज्ञ गुप्तपणे एक यान पाठवून त्याची दिशा बदलतात. इकडे घरी त्यांची बायको इंद्राणी शांतियज्ञ करते, नातवालाही त्यात बसवते, आणि संकट टळल्याचं श्रेय यज्ञाला देते. वाचताना मला वाटायचं, पुरुषाच्या हाती दुर्बीण आणि बाईच्या हाती समिधा, असं का? लेखकाच्या स्वतःच्या घरात तर तसं नव्हतं. मंगला नारळीकर गणितज्ञ होत्या, त्यांनी 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहिल्या.

पण इंद्राणी मला नीट कळली ती माझ्या धाकट्या बहिणीमुळे. ती जयसिंगपूरला असते. तिच्या मुलीचं तिसरं स्थळ यंदा मोडलं. कारण एकच, पत्रिकेत मंगळ. मुलगी शिकलेली, कमावती. आता शांती करायची, की नवग्रह विधान करायचं, यावर घरात चर्चा सुरू. मी फोनवर तिला नारळीकरांचा प्रयोग सांगितला. त्यांनी पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले यांच्या साथीनं २०० पत्रिका जमवल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. ५१ जण तयार झाले, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर यायची.

शिवाय मी म्हटलं, "अगं, आपण कर्म मानतो ना? जीवाला फळ त्याच्या कर्माचं. मग मंगळ मध्येच कुठून आला?"

बहीण जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, नारळीकर मोठे माणूस, आकडे खरेच असतील. पण उद्या काही बरंवाईट झालं तर लोक मला विचारतील, शांती का नाही केलीस? त्यांना कोण विचारणार आहे?"

मला त्याच क्षणी इंद्राणी आठवली. ती अडाणी म्हणून यज्ञ करत नाही. धूमकेतू आदळला तर 'तू काय केलंस' हा प्रश्न घरात तिलाच येणार, म्हणून करते. शास्त्रज्ञांचं यान चुकलं तर गणित चुकलं म्हणतील. बाईचं चुकलं तर पायगुण! हा प्रश्न संख्याशास्त्रानं सुटणारा नाही. तो सासवांनी, जावांनी, नणंदांनी आणि आपल्यासारख्या मंडळातल्या बायकांनी सोडवायचा आहे. कुणाच्या घरी संकट आलं की पत्रिका पाहिली होती का, हा प्रश्न आपण विचारायचा नाही. एवढं आपल्या हातात आहे.

भाचीनं मात्र आपलं ठरवलंय. चौथं स्थळ आलं तेव्हा तिनं पत्रिका दिली नाही. आपला रक्तगट आणि थॅलेसेमियाच्या तपासणीचा कागद दिला आणि त्यांच्याकडूनही तेच मागितलं. ते लोक अजून उलट बोललेले नाहीत, होही नाही आणि नाहीही नाही. बहीण दर दोन दिवसांनी फोन करते. मी तिला 'धूमकेतू' वाचायला सांगितलंय, पण इंद्राणीची बाजू घेऊन.