दावणीचे ऋण

श्रावण अमावास्येला आमच्या घरी आजही पोळा होतो. शेजारच्या माळवी कुटुंबाच्या पंचांगात हीच तिथी भाद्रपदातली असते, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. ते आपली गुरे दिवाळीच्या पाडव्याला सजवतात, आपण पोळ्याला. इंदुरात तीन-चार पिढ्या काढूनही हे दोन हिशेब एक झालेले नाहीत, आणि ते व्हावेत असे कोणाला वाटतही नाही. बाजारातून मातीची बैलजोडी आणायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचे, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत याहून अधिक काय होणार!

पूजा चालू असताना माझी नजर त्या जोडीवर फार वेळ ठरत नाही. त्याचे कारण आजवर मी घरात कोणालाही सांगितलेले नव्हते. ते आता लिहून टाकावे, असे ठरवले आहे.

आमचे घराणे होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने माळव्यात आले. आजोबांनी सांवेरच्या बाजूला थोडी जमीन केली. वडील नोकरीसाठी इंदुरात राहिले आणि धाकटे काका, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणत असू, शेतावर राहिले. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या मी नानांकडे काढल्या. बैल म्हणजे काय, हे मी तेथे पाहिले. त्याने मानवी समाजाचे काय केले, हे पुढे पुस्तकांतून आणि सरकारी दप्तरांतून कळले.

बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी वशिंडाची गुरे माणसाळलेली होती, असे उत्खननांवरून दिसते. आपल्या जवळचा पुरावा उज्जैनजवळच्या कायथा गावचा. वराहमिहिराचे जन्मगाव म्हणून ते सांगितले जाते. तेथे १९६५-६६ साली विष्णु श्रीधर वाकणकर यांनी उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन थरांत भाजलेल्या मातीचे छोटे बैल सापडले. वशिंड ठळक, शिंगे पुढे आलेली, बाकी अंग नावापुरते. हे थर साधारण चार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्या बैलांची पूजा होत असे, की ती मुलांची खेळणी होती, हा वाद पंडितांवर सोपवू. माळव्यातला माणूस चार हजार वर्षांपूर्वीही मातीचा बैल घडवीत होता, एवढे आपल्याला पुरे आहे.

त्याला कारणही तसेच होते. माळव्याची काळी जमीन पावसात चिकट आणि उन्हात भेगाळ. ती कुदळीने खणून एका कुटुंबापुरते धान्य कसेबसे निघेल. बैलाने ती वखरू लागल्यावर खाऊन उरेल इतके धान्य आले. त्या उरलेल्या धान्यावर कुंभार, सुतार, लोहार, पुरोहित, शिपाई आणि अखेरीस आमच्यासारखे कारकून पोसले गेले. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत खेड्यातली वडीलधारी मंडळी एखाद्याची ऐपत सांगताना ‘चार औतांचा माणूस’ असे म्हणत; एकरांचा उल्लेख नंतर येई. आठवड्याचे बाजार किती अंतरावर भरावेत, हेही बैलगाडीने ठरवले. पहाटे निघून, सौदा उरकून, दिवेलागणीला घरी परतता आले पाहिजे. आपली भाषासुद्धा या ऋणातून सुटलेली नाही. गोष्ठ म्हणजे गाईंची जागा. त्यावरून गोठा आला, गोष्ठी आली आणि गोष्टही आली. आपण विद्वत्तेने गवेषणा म्हणतो, तिचा मूळ अर्थ गाय शोधणे एवढाच आहे.

ज्याच्यावर राज्य उभे राहते, त्याची व्यवस्थाही राज्याला लावावी लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्ष या अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. कळपाची नोंद, खुणा, दुधाचे प्रमाण, हरवलेल्या जनावरांचा हिशेब हे सारे त्यात आहेच. शिवाय लहान, म्हाताऱ्या आणि आजारी गुरांची काळजी गोपाळांनी घ्यावी, असेही तेथे सांगितले आहे. त्यात भावनेचा गहिवर कोठे नाही. म्हातारे जनावर हा कळपाच्या खर्चाचाच भाग आहे, असे गृहीत धरून केलेली ती तरतूद आहे.

नानांकडची व्यवस्था याच हिशेबावर चालत होती. त्यांचा दिवस बैलांच्या सोयीने उजाडे. पहाटे वैरण घालून, बैलांना पाणी दाखवल्याशिवाय ते चहाला तोंड लावीत नसत. दुपारी जू उतरवले की उतरवले. मग दोन तासे राहिली असली तरी राहिली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होई. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना नाना स्वतः हळद-तूप चोळीत आणि एकेका खांद्याला किती लागले आहे ते बोटांनी चाचपून पाहात. त्यांचा एक म्हातारा बैल शेवटची तीन वर्षे काहीही काम न करता दावणीला उभा होता. त्याच्या वैरणीविषयी घरात कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. त्याचे शेणही उकिरड्यात पडत होते आणि तो उकिरडा उन्हाळ्यात शेतावर पसरला जात होता.

या उकिरड्याची थोरवी एका परदेशी माणसाने जगाला सांगितली आणि ती इंदुरातून सांगितली. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात येथल्या वनस्पती-संशोधन संस्थेचे प्रमुख होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख थरांनी रचून, वेळोवेळी उलथून, साधारण तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनी येथे बसवली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ साली तिच्यावर त्यांनी जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे सहलेखक यशवंत वाड होते. माती, पीक, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य एकच असते, हा हॉवर्ड यांचा आग्रह होता. नानांनी हॉवर्डांचे नावही ऐकले नसेल, पण मतभेद झाला नसता.

त्या काळाचे सोने करण्याचा माझा हेतू नाही. कोवळ्या खोंडाला वेसण टोचताना तो कसा ओरडतो ते मी ऐकले आहे. पराणीची आर कोणाच्या पुठ्ठ्यात रुतत होती, तेही पाहिले आहे. म्हातारे बैल विकणारेही होतेच. मेलेले जनावर ओढून नेणाऱ्या, त्याचे कातडे कमावून सगळ्या गावाला मोट आणि जोडे पुरवणाऱ्या माणसांना त्याच गावाने शिवेबाहेर ठेवले होते. बैलाला पुरणपोळी आणि त्यांना उरलेसुरले, हा न्याय पोळ्याच्या दिवशीही बदलत नसे.

आता १९८६ सालाकडे येतो. मी नुकताच महसूल खात्यात लागलो होतो आणि मला सगळे कळत होते. माळव्यात सोयाबीन आले होते. पूर्वी आमच्याकडे पावसाळ्यात पुष्कळशी काळी जमीन मोकळी ठेवीत आणि पुढे तिच्यात गहू-हरभरा घेत. सोयाबीनने ती मोकळी जमीन भरून काढली. पण सोयाबीन काढून गहू पेरायचा, तर मधे थोडेच दिवस हाती राहतात आणि बैलाची चाल तेवढी जलद नसते. दुसरे असे, की सोयाबीनने ज्वारीला हटवले आणि ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनचे भूस जनावर आवडीने खात नाही. म्हणजे ज्या पिकाने ट्रॅक्टर आवश्यक केला, त्यानेच बैलाच्या तोंडचा घासही काढून घेतला. हे सारे मी नानांना कागदावर आकडे मांडून पटवले. कर्जाचा अर्ज मीच भरला. बैलजोडीसाठी दलालही मीच पाहिला.

नाना सगळे ऐकून म्हणाले, ‘‘जोडी कोणाकडे जाणार?’’

‘‘दलाल बघेल ना, नाना. भाव चांगला देतोय.’’

‘‘भाव नाही विचारला मी,’’ असे म्हणून ते उठून गेले.

ठरल्या दिवशी दलाल आला, तेव्हा नाना शेताकडे निघून गेले होते. टॉवेलाखाली बोटे धरून सौदा झाला आणि पावतीवर सही मी केली. बैलांची नावे ढवळ्या आणि हिरा. दोघेही माळवी जातीचे, पांढरे, खांद्या-वशिंडाकडे करडे होत गेलेले. काही वर्षे सहज काम केले असते, अशा वयाचे. आमची दावी द्यायची नाहीत, असे नाना बजावून गेले होते. दलालाने आपले दोर आणले होते. दावी मी सोडली. ओळखीच्या माणसाने सोडले म्हणून दोघे निमूट चालू लागले.

हिशेब चुकला, असे मी म्हणणार नाही. कर्ज फिटले, घर पक्के झाले, चुलत भाऊ शिकले. नाना ट्रॅक्टरवर कधी बसले नाहीत, पण त्याच्याविषयी वाईटही बोलले नाहीत. २००३ साली ते गेले. तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारला नाही.

तो पुढे मला माझ्याच खात्याने विचारला. निवृत्तीपूर्वीच्या काही वर्षांत एका उपविभागात रात्री पिकांत शिरणाऱ्या मोकाट गुरांच्या तक्रारी रोजच्या झाल्या होत्या. शेतकरी थंडीत शेतावर जागत. गुरांच्या कोंडवाड्यासाठी इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला, तेव्हा कोंडलेल्या जनावराचा धनी दंड भरून त्याला सोडवायला येणार, हे गृहीत होते. आमच्या कोंडवाड्यात कोणी सोडवायला येत नव्हते. एकदा तपासणीसाठी मी आत गेलो. बहुतेक तरणे खोंडच होते. माझे लक्ष त्यांच्या नाकांकडे गेले. एकाच्याही नाकात वेसणीचे भोक नव्हते. म्हणजे त्यांना कामाला जुंपावे, असे कोणालाही, कधीही वाटले नव्हते. पाड्याचे दूध तुटले आणि तो रस्त्यावर आला, एवढेच त्याचे चरित्र. त्यांना दुसरीकडे हलवण्याच्या आदेशावर मी सही केली. कोठे ठेवणार, हे या वेळी विचारले. पण समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हते.

हे एका उपविभागाचे दुखणे नाही. २०१२ साली देशात गोवंशातील नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. त्याच काळात माद्या १२ कोटी ३० लाखांवरून १४ कोटी ५१ लाखांवर गेल्या. मोकाट गुरे २०१९ साली पन्नास लाखांवर मोजली गेली. आता तर बहुधा कालवडच जन्मावी, अशी निवडक वीर्यमात्रा सरकारी योजनांतून मिळते. खोंड रस्त्यावर येण्यापेक्षा जन्मालाच न येणे बरे, असा तिचा अर्थ आहे आणि तो चुकीचा आहे असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

आमच्या इंदूर शहरात आता गुरे दिसत नाहीत. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात शहर देशात पहिले आले, आणि रस्ते मोकळे झाले याचा मलाही आनंद आहे. २०२२ साली देवगुराडियाजवळ रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याचे नाव ‘गोबर-धन’; त्यात जातो तो मात्र आपल्या स्वयंपाकघरांतला कचरा. गोबर नावापुरता उरला आहे. संध्याकाळी आमच्या आवारात कुत्री फिरायला निघतात. त्यांच्यावर घरच्यांची माया खरी असते, त्यांच्या म्हातारपणाचा खर्चही मंडळी विनातक्रार करतात. तो पाहून मला कधी हसू येत नाही. ज्याच्याकडून काही घ्यायचे नाही, त्याला सांभाळणे आपल्याला जमते. ज्याचे दूध आपण रोज पितो, त्या गाईच्या पाड्याचे आणि भाकड काळाचे नाव मात्र दुधाच्या पिशवीवरच्या किमतीत नसते. नानांच्या गोठ्यात तो खर्च धरलेला होता. दुधाच्या किमतीत तो धरला गेला, तर चार रुपये अधिक द्यायला मी तयार आहे. आणि तो धरला जात नाही, तोवर आपण गाईचे पुत्र म्हणवून घेताना थोडे अडखळावे, असे मला वाटते.

चुलत भावाने गोठा पाडून शेड बांधली, तेव्हा खुंटीवरची दोन दावी त्याने मला आणून दिली. पुष्कळ वर्षे ती माळ्यावर होती. यंदाच्या पोळ्याला मी ती मातीच्या जोडीशेजारी पाटावर ठेवली आणि मुलासुनेला सगळे सांगितले. एका गोशाळेत एका बैलाच्या वर्षाच्या चाऱ्याचे पैसेही भरू लागलो आहे. त्याने १९८६ चा हिशेब मिटत नाही, हे मला कळते. दलालाचे गाव मला ठाऊक होते. नोकरीतल्या एका रजेत जाऊन विचारून येता आले असते.