दादांची वजनं आणि नातवाचे पाच मार्क

परवा गंमतच झाली. नातू पुण्याला कॉम्प्युटर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत शिंदखेड्याला आला तो चाचणीचा पेपर घेऊन आणि तोंड पाडून. "आजोबा, पाच मार्क गेले. तेरा हा आकडा बायनरीत लिहायचा होता."

आता मी पडलो मराठी माध्यमातला बी.ए. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. कॉम्प्युटरशी माझा संबंध मुलानं शिकवलेल्या टायपिंगपुरता. तरी म्हटलं, दाखव तर खरं.

त्यानं सांगितलं ते असं. आपली घरं एकं, दहं, शतं अशी दहापटीनं वाढतात. कॉम्प्युटरला फक्त ० आणि १ कळतात, म्हणून त्याची घरं एक, दोन, चार, आठ, सोळा अशी दुपटीनं वाढतात. तेराला दोननं भागत जायचं आणि बाकी लिहायची. १३ चे आले ६, बाकी १. ६ चे ३, बाकी ०. ३ चा १, बाकी १. उरलेल्या एकाची बाकी १. मग या बाक्या खालून वर वाचायच्या : ११०१. पठ्ठ्यानं वरून खाली वाचल्या आणि १०११ लिहून आला. ते झाले अकरा!

"पण खालून वरच का वाचायचं?" मी विचारलं.

"तसंच असतं आजोबा. नियम आहे."

एक, दोन, चार, आठ, सोळा... मला मात्र आमचं दुकान दिसायला लागलं. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, इथं छोटंसं किराणा दुकान होतं. त्यांची जुनी लोखंडी वजनं अजून माळ्यावर एका फडक्यात बांधलेली आहेत. नातवालाच वर चढवलं आणि ती खाली काढली. छटाक, दोन छटाकांचा अदपाव, चारांचा पावशेर, आठांचा अच्छेर आणि सोळा छटाकांचा शेर.

म्हटलं, "गिऱ्हाईक तेरा छटाक डाळ मागतंय. छटाकांचे अदपाव कर. सहा अदपाव झाले, एक छटाक उरला. सहा अदपावांचे तीन पावशेर, उरलं काही नाही. तीन पावशेरांचा एक अच्छेर, आणि एक पावशेर उरला. आता पारड्यात मोठं वजन आधी ठेव. अच्छेर आहे, पावशेर आहे, अदपाव नाही, छटाक आहे. आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०."

पोरगं बघतच राहिलं. "अकराशे एक... म्हणजे एक, एक, शून्य, एक! आजोबा, पहिली बाकी म्हणजे सगळ्यात लहान वजन. म्हणून ती शेवटी!"

पुढचा धडा सोळाच्या पायाचा होता. त्यात दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं वापरतात, तेरा म्हणजे डी. चार लहान वजनांत शून्य ते पंधरा छटाक सगळं तोलता येतं, सोळावा छटाक आला की शेर. म्हणून चार बायनरी आकड्यांचा तिथं एकच आकडा होतो. एक शेर तेरा छटाक म्हणजे एकोणतीस, म्हणजे १डी. मी हे जे टाईप करतोय त्यातल्या 'अ'चा युनिकोड क्रमांकही सोळाच्या हिशोबात ०९०५ आहे, आपल्या हिशोबात २३०९.

इथवर गंमत होती. रात्री मात्र झोप लागेना.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. आता रुपयाचे शंभर नवे पैसे. वजनंही १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलोग्रॅमची झाली. मी तेव्हा आठ वर्षांचा. आणे आणि नव्या पैशांचं कोष्टक घडाघडा पाठ : एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस.

एकदा दुकानात तीन आण्यांवरून अडलं. दादा अठराच नवे पैसे धरत होते. गिऱ्हाईक एकोणीस म्हणत होतं. दादा म्हणाले, "एक आन्याचे सहा, तर तीन आन्याचे अठरा. एकोणीस कथाईन उनात रे भाऊ?" मी सगळ्यांसमोर कोष्टक म्हणून दाखवलं आणि खदखदून हसलो. चार माणसं हसली. दादा दुसरी शिकलेले. काही बोलले नाहीत. त्यानंतर पैशांचा हिशोब आला की माझ्याकडे बघून म्हणायचे, "तूच सांग बाबा."

खरं म्हणजे त्यांचा प्रश्न बरोबर होता. आणा सहा पैशांचा नव्हताच, सव्वासहाचा होता. तीन आण्यांचे होतात पावणेएकोणीस. एकाला पाव सोडला, तिनाला पाव चढवला, एवढंच. मला कोष्टक पाठ होतं, उत्तर माहीत नव्हतं. "नियम आहे" म्हणणारा नातू आणि तेव्हाचा मी, सारखेच! पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडावर असणारा माणूस एका रात्रीत अडाणी ठरला, आणि ठरवणाऱ्यांत मीही होतो. पुढं शिक्षक झालो, पण दादांजवळ बसून हे कधी बोललो नाही. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

सकाळी नातवानं एकोणतीसचं बायनरी स्वतः वजनं मांडून काढलं : १११०१. मग विचारलं, "आजोबा, म्हणजे पणजोबांना बायनरी येत होतं?"

म्हटलं, "येत होतं रे. त्यांना ते कुणी सांगितलं नाही."

वजनं पुन्हा माळ्यावर टाकली नाहीत. पुसून, तेल लावून कपाटात ठेवली आहेत. त्यातला छटाक नातू पुण्याला घेऊन गेला.

असो. तुमच्या घरात अजून कुणाला पावकी-दिडकी येत असेल तर जरा शेजारी बसून विचारा. आणि काय सापडलं ते मलाही जरूर कळवा.