कानापर्यंत पोहोचलेला रंग

चार्ल्स डार्विनची माया कुत्र्यांवर, कबुतरांवर, म्हातारपणी तर गांडुळांवरसुद्धा. मांजरप्रेमी म्हणून त्याला कुणी ओळखत नाही. तरी १८६८ साली निघालेल्या पाळीव प्राण्यांवरच्या त्याच्या जाडजूड ग्रंथात एक मजेदार नोंद आहे. मांजरीची पिल्लं डोळे मिटून पडलेली असतात त्या पहिल्या दिवसांत त्यांना ऐकूही येत नाही, असं तो म्हणतो. हे ठरवलं कसं? पिल्लांच्या डोक्याशेजारी त्यानं शेगडीतली सळई आणि खोरं एकमेकांवर आपटून प्रचंड खणखणाट केला. पिल्लं झोपलेली असताना केला, जागी असतानाही केला. एकही पिल्लू हललं नाही.

जगाचं डोकं फिरवून ठेवलेला हा माणूस टोपलीपाशी वाकून सळई-खोरं बडवतोय, हे चित्र मला फार आवडतं. घरातल्या नोकरांनी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल!

पण त्या खणखणाटामागे जुनी हुरहूर होती. १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्याच प्रकरणात तो लिहून बसला होता, की निळ्या डोळ्यांची मांजरं हटकून बहिरी असतात. शरीराचा एक भाग बदलला की दुसराही, वरवर काही संबंध नसताना, त्याच्याबरोबर बदलतो, हे सांगायला त्यानं हे उदाहरण घेतलं होतं. पुढच्या आवृत्त्यांत ते वाक्य मवाळ झालं. मांजर पूर्ण पांढरं हवं, डोळे निळे हवेत, आणि तेही बहुधाच बहिरं. शिवाय कुणी टेट नावाच्या गृहस्थांचं म्हणणं जोडलं गेलं, की हे फक्त बोक्यांतच होतं. हे टेटसाहेबांचं म्हणणं काही खरं ठरलं नाही. बहिरेपण बोका आणि भाटी यांत भेद करत नाही.

१८६८च्या ग्रंथात डार्विननं या जोडगोळीचं कारणही सुचवलं. सगळ्याच पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळे असतात आणि कानही बंद असतात. मग एखाद्या पांढऱ्या पिल्लाची वाढ त्याच टप्प्यावर थोडी अडली, तर डोळा निळाच राहील आणि कानही उघडणार नाही. सिशेल नावाच्या निरीक्षकाचा दाखलाही त्यानं दिला: एका मांजराचे डोळे चौथ्या महिन्याच्या अखेरीस गडद होऊ लागले आणि तेव्हाच त्याला पहिल्यांदा ऐकू येऊ लागलं म्हणे. म्हणजे निळ्या डोळ्यांचं बहिरं मांजर हे बाळपणातून बाहेरच न आलेलं मांजर. कल्पना इतकी देखणी आहे, की ती चुकीची निघाली याचं वाईट वाटतं.

खरी हकिगत एका प्रवासाची आहे. गर्भात पिल्लाचा पाठकणा जिथे घडत असतो, त्या रेषेवर काही पेशी तयार होतात आणि तिथून अंगभर चालू लागतात. त्यांतल्याच काही पुढे रंगपेशी होतात. आषाढी वारीत सगळ्या दिंड्या एकाच वेळी पंढरपुरात पोहोचत नाहीत, कुणी वाटेतच थांबतं, तसंच यांचंही होतं. पाठ जवळ, म्हणून तिथे रंग भरपूर. पोट, छाती, पंजे लांब, म्हणून काळ्या मांजराच्याही छातीवर पांढरा ठिपका आणि पायांत पांढरे मोजे. पूर्ण पांढऱ्या मांजरात मात्र या पेशींची संख्या मुळातच कमी आणि चाल मंदावलेली असते. ‘किट’ नावाच्या जनुकात बिघाड असतो, आणि तो बिघाड, २०१४ साली संशोधकांनी दाखवलं त्याप्रमाणे, एका जुन्या विषाणूनं केलेला आहे. कुठल्या तरी पूर्वज मांजराच्या जनुकांत हा विषाणू घुसला आणि तिथेच राहिला. तो अख्खा असेल तर मांजर ठिपक्याठिपक्यांचं होतं. त्याचा फक्त तुकडा उरला असेल तर आख्खं मांजर पांढरं. आईबापांपैकी एकाकडून हा तुकडा आला तरी पुरतो.

आता डोळा. मांजराच्या डोळ्यात निळा रंग नावाचं काही नसतंच. हिरवा, पिवळा, तांबूस असे जे डोळे आपण पाहतो ते बुबुळातल्या कमी-जास्त रंगद्रव्यानं. ते द्रव्य पुढच्या थरात नसलं, की आत शिरलेला उजेड विखुरतो आणि विखुरताना निळा तेवढा आपल्याकडे परत येतो. आकाश निळं का, याचं उत्तर आणि हे उत्तर जवळजवळ सख्खी भावंडं आहेत. म्हणून सगळ्या पिल्लांचे डोळे आधी निळे दिसतात. सहा-सात आठवड्यांचं होताहोता रंगपेशी कामाला लागतात आणि निळाई मावळते. पांढऱ्या मांजरात त्या पेशी पोहोचल्याच नाहीत, तर ती राहते.

इथवर सगळं रूपाचं. मला थक्क करणारी गोष्ट यापुढे आहे. त्याच प्रवासी रंगपेशींचा एक जथा कानात जातो. बाहेरच्या पाळीत नव्हे, तर थेट आत, हाडात कोरलेल्या शंखाच्या वळणांत. त्या शंखाच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांची एक बारीक पट्टी असते आणि तिच्यात या पेशी दाटीवाटीनं बसतात. आतल्या द्रवात पोटॅशियमचं प्रमाण जास्त ठेवायचं आणि त्यातून सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवायचा, हे त्यांचं काम. आवाजाची लाट आली, की या दाबाच्या जोरावर श्रवणपेशी मेंदूला निरोप धाडतात. रंगपेशी आल्याच नाहीत, तर दाब तयार होत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच शंखातला पडदा खचतो, श्रवणपेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सिशेलच्या मांजराला चौथ्या महिन्यात ऐकू येऊ लागलं, असं त्याला का वाटलं असेल, देव जाणे.

रंग म्हणजे दिसण्यासाठी, असंच आपण धरून चालतो. आणि इथे रंगाची पेशी अशा जागी जाऊन बसलीय जिथे उजेडाचा किरण कधीच पोहोचत नाही, जिथे काळं काय आणि गोरं काय, पाहायला कुणीच नाही. तिथे ती वीज सांभाळते. तिची दिसण्याची बाजू हेच कदाचित तिचं दुय्यम काम असेल. माणसातही हेच घडतं. १९५१ साली वार्डेनबर्ग नावाच्या डच नेत्रतज्ज्ञानं कपाळावर पांढरी बट, लख्ख निळे डोळे आणि जन्मजात बहिरेपण यांची सांगड घातली, तिच्याही मुळाशी न पोहोचलेल्या रंगपेशीच आहेत.

पण डोळ्यापर्यंत न पोहोचलेल्या पेशी कानापर्यंतही पोहोचल्या नसतील, असं नाही. म्हणून डोळ्याचा रंग हा कानाचा दाखला नाही, अंदाज आहे. अभ्यासांत आढळलेले आकडे साधारण असे: डोळे निळे नसलेल्या पांढऱ्या मांजरांत शंभरात १७ ते २२ बहिरी, एकच डोळा निळा असेल तर ४० च्या आसपास, दोन्ही निळे असतील तर ६५ ते ८५. दोन्ही डोळे निळेशार आणि कान तीक्ष्ण, अशीही बरीच मांजरं आहेत. एकच कान गेला असेल तर तो बहुतेकदा निळ्या डोळ्याच्या बाजूचा निघतो, कारण त्या अंगाला दिंडी आलीच नाही. पिल्लाच्या टाळूवर एखादा काळा ठिपका असला, पुढे मिटून जाणारा का असेना, तर निदान एक कान चालू असण्याची आशा वाढते. पूर्व तुर्कस्तानात वान सरोवराच्या काठची पांढरी मांजरं एक डोळा निळा, एक पिवळसर यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथल्या विद्यापीठात त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे, आणि ती आपखुशीनं पाण्यात उतरतात म्हणून त्यांचं कौतुक वेगळंच.

आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या आजींकडे अशीच एक पांढरी भाटी आहे, चांदणी. दोन्ही डोळे निळे. आजींना कितीतरी दिवस ती बहिरी आहे हे पटत नव्हतं. त्यांनी डार्विन वाचलेला नाही, पण स्टीलचं ताट आणि लाटणं घेऊन त्यांनी चांदणीच्या पाठीमागे जो काही प्रयोग केला, तो त्याच घराण्यातला होता. चांदणीनं मान वळवली. झालं, ऐकू येतं! मग लक्षात आलं, की आजी फरशीवर पाय आपटत पुढे आल्या होत्या, आणि चांदणी फरशीवर पोट टेकून बसली होती. हादरा तिला पंजांतून, मिशांतून कळतो. खरी परीक्षा दवाखान्यातली: डोक्यावरच्या कातडीत बारीक सुया टोचून, कानात टिकटिक सोडून, मेंदूतून उलट टपाल येतं का ते यंत्रावर पाहतात. घरच्या परीक्षेत मांजर नेहमीच पास होतं.

आजींची दुसरी हरकत आणखी बळकट होती. मांजर हाकेला ओ देत नाही म्हणून ते बहिरं कसं? ऐकू येणारी तरी कुठे देतात? यावरही जपानात संशोधन झालंय. २०१३ साली आत्सुको साइतो आणि त्यांचे सहकारी काझुताका शिनोझुका यांनी २० मांजरांना परक्यांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले. मालकाचा आवाज मांजरं ओळखत होती. कान फिरत, मान वळे. जागची मात्र ती उठली नाहीत. आवाज साधारण ४८ हर्ट्झपासून ८५,००० हर्ट्झपर्यंत टिपणारे हे कान, माणसाचे २०,००० वर थकतात, आणि त्या कानांचा मालक तुमच्या लाडक्या हाकेला शेपटीचं टोकही हलवत नाही. अशा प्राण्याचं बहिरेपण उशिरा कळलं तर आजींना दोष कसा द्यायचा?

सयामी मांजराचा निळा डोळा मात्र वेगळ्या घरचा. तिथे रंगपेशी सगळीकडे पोहोचलेल्या असतात, फक्त त्यांचं रंग बनवणारं विकर उबेत चालत नाही. म्हणून गर्भाच्या उबेतून आलेलं पिल्लू जवळजवळ पांढरं, आणि मग अंगाची जी टोकं गार राहतात ती, म्हणजे कान, नाक, पंजे, शेपूट, हळूहळू काळवंडतात. कानातल्या पेशी जागेवर असल्यानं सयामी मांजर झकास ऐकतं. पण रंगाची उणीव दुसरीकडे पैसे वसूल करते. डोळ्यातून मेंदूकडे जाणारे काही तंतू भलत्याच बाजूला ओलांडून जातात. हुबेल आणि वीझेल या संशोधकांच्या जोडीनं १९७१ साली सयामी मांजरांच्या मेंदूतली ही चुकलेली वाट दाखवली. दहा वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं, ते दृष्टीच्या एकंदर कामाबद्दल. जुन्या वळणाच्या सयामी मांजरांत दिसणारा तिरळेपणा तिथला आहे. रात्री गल्लीत मोटारसायकलचा दिवा पडला, की साध्या मांजराचे डोळे हिरवे-पिवळे लखलखतात, कारण दृष्टिपटलामागे उजेड परतवणारा आरसाच असतो. निळ्या डोळ्यांच्या मांजरात हा आरसा आणि मागचा गडद थर बऱ्याचदा अपुरा असतो, म्हणून मागच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग उमटतो. भुताच्या किती गोष्टी या लाल डोळ्यांनी जन्माला घातल्या असतील कोण जाणे.

बहिऱ्या मांजराला दिसतं जास्त, असं लोक म्हणत आले होते, आणि त्यात तथ्य निघालं. कॅनडातल्या स्टीफन लोम्बर यांनी सहकाऱ्यांसह २०१० साली जन्मजात बहिऱ्या मांजरांची परीक्षा घेतली. नजरेच्या कडेला चमकलेला ठिपका कुठे होता हे ओळखण्यात आणि अगदी संथ हालचाल टिपण्यात ही मांजरं ऐकणाऱ्यांच्या पुढे गेली. बाकी दृष्टी दोघांची सारखीच. मग त्यांनी मेंदूतला ऐकण्याचा भाग थोडा वेळ गार करून निजवला, आणि ती वरचढ नजर तेवढ्यापुरती नाहीशी झाली. म्हणजे आवाजच न आलेली जागा रिकामी राहिली नव्हती. तिथे नजरेनं संसार मांडला होता. प्रयोगशाळेतल्या मांजरांचा विचार मनात आला की मला या माहितीचा निखळ आनंद घेता येत नाही. तरी चांदणीकडे बघण्याची माझी रीत या प्रयोगानं बदलली, हेही खरं.

तिची देखभाल अवघड नाही, वेगळी आहे. रस्त्यावर सोडायची नाही. रिक्षाचा हॉर्न तिच्यासाठी नाहीच. झोपेत एकदम हात लावायचा नाही, आधी गादी दाबायची. बोलवायचं तर दिवा उघडझाप करायचा. दुपारच्या उन्हात गच्चीवर फार लोळू द्यायचं नाही, कारण पांढऱ्या कानांची टोकं उन्हानं भाजतात आणि वर्षानुवर्षं भाजत राहिली तर तिथे कर्करोग होऊ शकतो. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा उंदरांचा जुना प्रश्न आजींनी सोडवला आहे: घंटा त्यांनीच बांधली, पण ती उंदरांसाठी नाही. पलंगाखाली की कपाटावर, चांदणी कुठे आहे ते आजींना कळावं म्हणून.

राहता राहिला तिचा आवाज. स्वतःचं ओरडणं ऐकू येत नसल्यानं आवाज किती काढायचा याचा तिला अंदाज नाही. पहाटे तीनला तिनं एकदा सूर लावला, की चौथ्या मजल्यापर्यंत दिवे लागतात. गेल्या सभेत हा विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, “आजी, तिला जरा गप्प करा.” आजी म्हणाल्या, “अहो, तिला ऐकू येत नाही, मी सांगू कशी? तुम्हांला ऐकू येतं ना, म्हणून तुम्हांला सांगते. खिडकी लावून झोपा.” सेक्रेटरींनी तक्रार वहीत लिहून घेतली आणि पाण्याच्या टाकीचा विषय पुढे घेतला.