सूर्यास्ताच्या आधी

नाताळच्या सुट्टीत जालन्याहून गोव्याला निघालो, पण मुक्काम सावंतवाडीत केला. कारण सासूबाईंचा चौविहार. किनाऱ्यावर सगळे सूर्यास्त पाहायला जमतात, आणि आमची त्याआधी जेवण उरकायची घाई! मुलं जरा रुसलीच.

सावंतवाडीत मोती तलावाकाठी, राजवाड्यासमोर, पाचलाच डबा सोडला. पुऱ्या, शेवेची भाजी. गर्दी नाही, गडबड नाही. मग चितारआळीत लाकडी फळं घेतली. मुलांचा रुसवा तिथेच गेला.

समुद्र सकाळी वेंगुर्ल्याला पाहिला. सासूबाई पाण्यात उतरेनात. "अप्कायाचे जीव असतात गं, उगाच कशाला तुडवायचे?" तेवढ्यात एक लाट आपणहून त्यांच्या पायांवर आली. त्या हसल्या, हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडं."