कागायानचे पाणी

फिलिपाइन्समधील मिंदानाव बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर कागायान दे ओरो नावाचे शहर आहे. नावातले 'ओरो', म्हणजे सोने, हे मागाहून आलेले. १९५०मध्ये गावाला नगराची सनद मिळाली तेव्हा ते जोडले गेले. 'कागायान' मात्र जुने. भाषातज्ज्ञ त्याचे मूळ नदी या अर्थाच्या एका प्राचीन शब्दात शोधतात, आणि उत्तरेकडच्या इलोकानो भाषेत नदीला अजूनही 'कारायान' म्हणतात. सोने बाजूला ठेवले तर गावाचे नाव नुसते 'नदी' एवढेच उरते. हे मला आधी ठाऊक असते, तर मी तेथे गेलो असतो की नाही, कोण जाणे. कारण काही वर्षांपासून मी नदीला टाळत आलो होतो.

माझा भाचा दावाओला वैद्यकीचे शिक्षण घेतो. त्या शहरात आपल्याकडची इतकी मुले शिकतात की डाळ-भाताची खानावळ शोधावी लागत नाही. मी बडोद्याहून त्याला भेटायला गेलो, तेव्हा सुटीच्या चार दिवसांचा बेत त्याने परस्पर आखून ठेवला होता. "मामा, आपण राफ्टिंगला जायचं," तो म्हणाला. मी वयाचे कारण पुढे केले, गुडघ्याचे केले. खरे कारण सांगितले नाही.

दावाओहून बुकिद्नोनचे पठार ओलांडून उत्तरेला उतरायला बसने सात-आठ तास लागतात. धुक्यातली वळणे संपली की अननसाची शेते सुरू होतात; मैलोगणती निळसर हिरव्या पात्यांच्या सरळ रांगा, माणूस औषधालाही दिसत नाही. याच मळ्यातल्या धावपट्टीवरून मार्च १९४२मध्ये जनरल मॅकार्थर ऑस्ट्रेलियाला निसटला. इतिहासातील मोठी माघार अननसाच्या शेतातून व्हावी, याची मला उगाच गंमत वाटली. ही मळ्यांची जमीन आणि वरचे डोंगर यांवर पडणारे पाणीच पुढे घळींतून कागायान नदीला मिळते. पण ते ध्यानात यायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

शहर पाहण्यासारखे आहे, पण त्याचा डामडौल नाही. महायुद्धात पडलेले आणि नंतर पुन्हा उभारलेले संत ऑगस्टीनचे कॅथीड्रल, समोर गॅस्टन पार्कमधले कारंजे, मेणबत्त्या विकणाऱ्या बाया, झेवियर विद्यापीठाचे छोटेखानी संग्रहालय. कॅथीड्रलच्या मागे चार पावलांवर नदी. मी पुलाच्या कठड्याशी उभा राहिलो. पाणी संथ, मातकट, निरुपद्रवी होते. खाली पात्रात वाळूचा एक सखल पट्टा दिसत होता आणि त्यावर गवत माजले होते. या पट्ट्याला 'इस्ला दे ओरो', सोन्याचे बेट, म्हणत. तिथे दाटीवाटीची वस्ती होती. १६ डिसेंबर २०११च्या रात्री सेनदाँग नावाच्या वादळाचा पाऊस वरच्या डोंगरांवर कोसळला आणि लोक झोपेत असताना नदी घरांत शिरली. कागायान दे ओरो आणि शेजारचे इलिगान या शहरांत मिळून हजाराहून अधिक माणसे गेली. या पट्ट्यावरची वस्ती राहिली नाही.

शहराजवळच्या लुंबिया येथे त्या २४ तासांत सुमारे १८० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कोकणातल्या माणसाला हा आकडा फार मोठा वाटणार नाही. आषाढात आमच्याकडे असा दिवस येतो आणि जातो. पण मिंदानाव विषुववृत्ताच्या इतके जवळ आहे की वादळे सहसा त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. आपल्याकडे ती येत नाहीत, अशी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री होती. त्यात डोंगर उघडे पडलेले, समुद्राला भरती, आणि वेळ रात्रीची. कठड्याशी उभ्या उभ्या मी ही सारी कारणे मनाशी जुळवीत होतो, आणि प्रत्येक कारणापाशी मला वाशिष्ठी दिसत होती. तिथेही डोंगर, तिथेही भरती, तिथेही खात्री.

ती खात्री माझी होती. २००९मध्ये धाकट्या बहिणीने चिपळूणला बाजारपेठेजवळ तळमजल्यावर घर पाहिले, तेव्हा २००५च्या पुराची खूण भिंतीवर पुसट दिसत होती. ती कचरत होती. मी वडीलकीच्या सुरात सांगितले की असा पूर माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो, तो येऊन गेला. घर घेतले गेले. २२ जुलै २०२१ला ती आणि तिचा मुलगा शेजारच्या गच्चीवर एक दिवस आणि एक रात्र होती. मी बडोद्यात दूरदर्शनसमोर बसून फोन लावीत होतो, आणि तो लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका जीपनीच्या टपावर राफ्ट बांधून आम्ही वरच्या अंगाला निघालो. वाटाड्या तिशीतला, काटक, कमी बोलणारा होता. हेल्मेट, लाइफ जॅकेट, वल्हे; मग काठावरचा धडा. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने वर धरा, आणि काही झाले तरी उभे राहायला जाऊ नका. पाऊल दगडांच्या बेचक्यात अडकले की पाणी माणसाला आडवा करते. मला हे विलक्षण वाटले. बुडणाऱ्याला आपण आधी पाय टेकायला सांगतो.

दोन्ही बाजूंना चुनखडीचे उंच कडे, त्यांतून लोंबणारे नेचे, कुठे कड्यातूनच फुटलेली पाण्याची धार. पहिल्या खळाळापाशी मी वल्हे विसरून नुसता दोर धरून बसलो. वाटाड्या रागावला नाही. पुढच्या संथ पाण्यात त्याने मला पाणी वाचायला शिकवले. दोन खडकांमधून गुळगुळीत पाण्याची जीभ खाली निमुळती होत जाते, ती वाट. टोक उलट, आपल्याकडे वळलेले असेल तर पाण्याखाली दगड आहे. मोठ्या खडकाच्या पाठीशी पाणी उलटे फिरते; तिथे घटकाभर थांबता येते. चौथ्या-पाचव्या खळाळानंतर मी त्याच्या आधी जीभ ओळखू लागलो, आणि खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. राफ्ट पुढून उचलली गेली, डोक्यावरून पाणी गेले, आणि मी ओरडलो, तो भीतीने नव्हे.

एका निवांत डोहापाशी वाटाड्याने कड्यावरची एक रेघ दाखवली, आमच्या डोक्यावर कितीतरी उंच. "बाहा," तो म्हणाला. तिथल्या भाषेत पूर. माझ्या कानाला तो हिंदीतला 'बहा' वाटला, वाहून गेला या अर्थाचा. ध्वनींचा हा निव्वळ योगायोग असणार. त्याचे घर कुठे होते, हे भाच्याने विचारले. त्याने हाताने खालच्या दिशेला, शहराकडे, दाखवले आणि वल्हे पुन्हा पाण्यात घातले.

भाचा डोहात उतरून उताणा तरंगत होता. मीही उतरलो. पाणी थंड होते. बराच वेळ कोणी बोलले नाही.

"त्या दिवशी फोन बंद पडला होता ना तुमचा?" मी विचारले.

"नव्हता पडला. मधूनमधून रेंज येत होती. एक कांडी बॅटरी उरली होती. आई म्हणाली, दादाला लावू नकोस, तो तिकडून काय करणार? बोटवाल्यांसाठी ठेव."

"भीती वाटली?"

"पाण्याची नाही. रात्री गॅसच्या टाक्या तरंगत भिंतींवर आपटत होत्या. तो आवाज."

मी म्हणालो, "ते घर मी घ्यायला लावलं." तीन वर्षे हे वाक्य मी कुणापाशी उच्चारले नव्हते.

"माहीत आहे की. आई दर जूनमध्ये म्हणते."

"रागाने?"

तो क्षणभर विचारात पडला. "भांडी माळ्यावर चढवताना म्हणते. तेव्हा ती सगळ्यांवरच चिडलेली असते."

वाटाड्याने हाक दिली. पुढच्या वळणाआडून पाण्याचा आवाज येत होता. भाच्याने आधी स्वतःला वर ओढून घेतले, मग माझ्या जाकिटाचे खांदे धरून मला एखाद्या पोत्यासारखे आत घेतले. मी वल्हे शोधले आणि पुढे पाहिले. जीभ डाव्या हाताला होती.